रेघेपलीकडची वर्षं

"शंभर वर्षांच्या पुढचं सगळं शून्य धरलंय मी," ठकी फोनवर कुणाला तरी म्हणाली, आणि माझ्या हातातला अर्धा सोललेला बटाटा सिंकमध्ये पडला. उद्या दूध नको म्हणून निरोप द्यावा इतक्या सहज तिनं ते म्हटलं होतं. मी बटाटा उचलला, धुतला, पुन्हा सोलायला घेतला. पण सालकाढणं हातात नुसतंच राहिलं. शंभर वर्षं. माझी आत्या जन्मली त्याला शंभराच्या वर वर्षं होऊन गेली. ती घरी बसून लोकांचे कपडे शिवायची आणि सुया टोचून टोचून तिचं एक बोट किसणीसारखं खरखरीत झालं होतं. माझी वेणी घालताना मानेवरचे बारीक केस त्या बोटात अडकायचे आणि मी ओरडायचे. ती म्हणायची, केसच आहेत, जीव नाही गेला. आत्या गेली, तिचं घर गेलं, रस्ता रुंद केला तेव्हा ती गल्लीही गेली. तरी अजून कधी मान पटकन वळवली की तिथे, नेमकं तिथेच, काहीतरी ओढल्यासारखं होतं. आता ह्याला ठकी काय धरणार?

ठकी माझी नात, मुलाची मुलगी. लहानपणी रुसली की लाकडी बाहुलीसारखी हात अंगाला चिकटवून उभी राहायची, म्हणून ह्यांनी तिचं नाव ठकी ठेवलं. आता तिशी उलटली, ऑफिसात तिला मॅडम म्हणतात, पण घरात ठकीच. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात असतात. तिचं ऑफिस इथून जवळ, म्हणून ती माझ्यापाशी राहते. मी तिला सांभाळते असं मी सांगते, आणि ती मला सांभाळते असं तिचा बाप सांगतो. आपलं काम तिनं मला पहिल्यांदा समजावलं ते ह्याच टेबलाशी, एका खुर्चीवरून. ही खुर्ची, म्हणाली, झाड तोडलं तेव्हापासून बघायची. करवत, ट्रक, पॉलिश, दुकान, मग आपल्या घरातली वर्षं, मधे मोडलेला पाय बदलला तो, आणि शेवटी कुणी हिला जाळेल किंवा ही कुठे कुजून जाईल, तिथपर्यंत. ह्या सगळ्यात हवेत किती धूर गेला त्याची बेरीज करायची. मला ते आवडलं होतं. एका खुर्चीचा जन्मापासून राखेपर्यंत कुणी एवढा विचार करतं, ह्याचंच बरं वाटलं होतं. मी विचारलं, पण हे होतं केव्हा? झाड तोडतात ते एका साली, जाळतात ते भलत्याच साली. ती हसली. म्हणाली, आजी, तिथंच तर गोची आहे. केव्हा हे बहुतेक जण धरतच नाहीत. सगळी वर्षं एकावर एक ठेवतात आणि सगळा धूर एकाच दिवशी निघाला असं समजून बेरीज करतात.

एकाच दिवशी. तेव्हा मी पण हसले, पण नंतर दुपारी आडवी झाले की ते आठवायचं. कारण माझ्या डोक्यात तरी दुसरं काय चाललेलं असतं? ह्यांचं दाढीचं पाणी गॅसवर तापत असतं, त्याच वेळी मुलगा दप्तर ओढत, गुडघा फोडून घेऊन दारात येतो, आणि त्याच वेळी वॉर्डातली नर्स डार्करूमचं दार वाजवत असते, बाहेर या म्हणून, तुमचे मिस्टर गेले, त्यांना आत्ताच खाली आणलंय म्हणून. दाढीचं पाणी आणि ते दार वाजणं ह्यांच्यात किती वर्षं आहेत हे मला बोटं मोजून सांगता येईल, पण मोजल्याशिवाय ती वर्षं तिथे नसतातच. पाणी उकळतंय आणि दार वाजतंय. मी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात डार्करूममध्ये काम करायचे. लाल दिवा, तीन टाक्या, फिल्म पक्की करणाऱ्या फिक्सरचा आंबूस वास. तो वास बोटांतून कधी गेला नाही, भाकरी थापा, बाळाला धरा, तो आपला असायचाच. फिल्म डेव्हलपरच्या टाकीत घातली की आधी काहीच नसतं, मग हळूहळू बरगड्या वर येतात, जणू कुणी अंधारातून आपल्याकडे चालत येतंय. घाईचे डॉक्टर दाराबाहेरून ओरडायचे, झालं का, झालं का. पण लवकर बाहेर काढलेली फिल्म नुसती फिकी असते. छातीत काय आहे ते त्यात असतं, पण दिसत नाही. माझ्या आधीच्या बाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच, की दाराकडे पाठ करून उभं राहायचं.

तर त्या फोनचं असं होतं, की ठकी आमच्याच इमारतीचा हिशेब करत होती. आमची इमारत चार मजली, मी तळमजल्यावर. लग्नानंतर काही वर्षांनी आलो तेव्हा ह्यांनी मुद्दाम तळमजला घेतला. म्हणाले, म्हातारपणी बरं. मी तेव्हा तिशीची होते, मला त्याचं हसू आलं होतं. इमारत शंभर वर्षं टिकेल असं बांधणाऱ्यानं सांगितलं होतं. आता पन्नास झाली तर सगळे तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघतात. एक बिल्डर आला. त्यानं गुळगुळीत पुस्तिका दिली, तिच्यावर गवत आणि निळं आकाश, आत लिहिलेलं, की जुनी पाडून नवी बांधली तर साठ वर्षांत पर्यावरणाचा केवढा तरी फायदा. नव्या भिंती गारवा धरतील, खिडक्या ऊन अडवतील, वीज कमी लागेल. शिवाय लिफ्ट. चेअरमन, म्हणजे खालच्याच मजल्यावर माझ्यासमोर राहणारे निवृत्त बँकवाले, पुस्तिका घेऊन आमच्याकडे आले. ठकीला म्हणाले, तू घरची आहेस, तुला ह्यातलं कळतं, जरा बघ हे खरं आहे का. आम्हाला गवताचा फोटो कळतो, पुढचं कळत नाही.

मला इथून जायचं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मी ते लपवलंही नव्हतं. बांधकाम होईस्तोवर तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, मग नव्यात यायचं. तरुण माणसाची तीन वर्षं जातात आणि येतात. शेजारच्या गल्लीतली इमारत पाडली तेव्हा तिथले म्हातारे बाहेर गेले, त्यातले नव्या घरात परत किती आले ते मी पाहिलंय. घर बदललं की रात्री संडासाला उठलेला हात जुन्याच भिंतीवर बटण शोधतो आणि माणूस पडतो. माझ्या हाताला इथलं प्रत्येक बटण माहीत आहे. स्वयंपाकघरातला नळ बंद करताना शेवटी थोडा मागे घ्यायचा, नाहीतर रडत राहतो. दुपारी पॅसेजमध्ये उन्हाची एक पट्टी येते आणि ह्यांची खुर्ची जिथे असते तिथे थोडा वेळ थांबते. हे काही पुस्तिकेत येणारं नव्हतं, येऊ नयेच. पण मला मरायचं होतं ते इथे, आणि ह्याहून मोठं काही मागणं माझं उरलेलं नव्हतं.

कित्येक आठवडे ठकी टेबलाशी बसून होती. सिमेंट, सळया, पाडल्यावरचा राडारोडा, तो कुठे नेणार, जुन्या खिडक्या बदलल्या आणि गच्चीवर उष्णता अडवणारा थर दिला तर काय. मी मधूनमधून चहा ठेवायचे आणि टेबलावरचे कागद हलवू नको म्हणून बोलणी खायचे. मग एका दुपारी तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, आजी, घर पाडायची गरज नाही. तिचा चेहरा परीक्षेत पहिली आलेल्या पोरीसारखा झाला होता. समजावायला लागली. बिल्डरची बेरीज चूक नाही, पण त्यांनी साठ वर्षं एका दिवसात घातलीत. सिमेंटचा धूर आज निघणार, आत्ता, आणि निघाल्या क्षणापासून हवा तापवायला लागणार. विजेची बचत मात्र थेंब थेंब येणार, वर्षानुवर्षं; आणि पुढे वीजच स्वच्छ होत गेली तर ते थेंबही आटत जाणार. आजचा एक किलो धूर आणि चाळीस वर्षांनंतरचा एक किलो धूर एकच कसा? प्रत्येक गोष्टीवर तिची तारीख घातली की दुरुस्त केलेली जुनी इमारतच जिंकते.

मला इतका आनंद झाला की मी तिचे दोन्ही गाल ओढले. पुन्हा चहा ठेवला, आधीचा चहा तसाच असताना. दूध ओतताना सहजच विचारलं, किती वर्षं धरलीस. वीस, ती म्हणाली. मी म्हटलं, आणि चाळीस धरली तर? तरी जुनीच, थोडक्यात. आणि साठ? तिनं कप उचलला आणि नुसताच खाली ठेवला. मला दाराबाहेरचे ते डॉक्टर का आठवले कोण जाणे. झालं का, झालं का.

"वीसच का?" मी विचारलं.

"चालतात, आजी. काही जण वीस घेतात, काही शंभर. दोन्हीला मान्यता आहे."

"चालतात ते कळलं. तू का घेतलीस?"

ती कपाच्या कानावरून बोट फिरवत म्हणाली, "त्याच्या पुढे तू नव्हतीस."

एवढी मोठी झालेली पोर, आकड्यांत मुरलेली, आणि तिनं माझं वय घेतलं, त्यात मला मिळतील तेवढी वर्षं मोकळ्या हातानं घातली, आणि तिथे रेघ ओढली. मी असेपर्यंतचं जग. त्याच्यापुढे तिला काही बघायचंच नव्हतं. आत्तापर्यंत माझ्यावर कुणी एवढं प्रेम असं आकड्यांत केलं नव्हतं. ह्यांनी सुद्धा नाही. त्यांनी तळमजला घेतला होता फक्त. आणि त्याच वेळी मला कसंसंच झालं. वाटलं, गप्प बसावं. खोटं कुणीच बोलत नाही. शास्त्राला चालतंय, ठकीला हवंय, मला तर हवंच आहे. मी चहा गाळत राहिले. पण वीस वर्षं म्हणजे काय? ठकीला वीस म्हणजे पुष्कळ वाटतात आणि पन्नास म्हणजे कुठलंतरी धूसर, कुणा दुसऱ्याचं. पन्नास वर्षं म्हणजे किती हे ह्या घरात फक्त मला माहीत आहे. पन्नास वर्षं म्हणजे ह्यांच्या हातातून ह्या दाराची किल्ली घेतली ती, आणि आत्ता हा चहा गाळतेय तो. मधे काही नाही. मी वळून पाहिलं तर ती तिशीतली बाई अजून उंबऱ्यात उभी आहे, तळमजला घेतला म्हणून हसतेय. तिला कुणी सांगितलं असतं की तुझ्यापुढची पन्नास वर्षं आम्ही हिशेबात धरली नाहीत, तर तिला काय वाटलं असतं? आणि मी तर ती आहे. मी काही शून्य नाही.

मी ठकीला म्हटलं, रेघ माझ्यापाशी ओढू नकोस. सगळं दाखव. ती म्हणाली, मग घर जाईल. मी म्हटलं, जाऊ दे असं नाही म्हणत मी, दाखव म्हणते. तिनं डोळे पुसले आणि दुसरं एक चित्र उघडलं. ते तिच्याकडे आधीपासून तयार होतं, पूर्ण, पुढच्या शंभर वर्षांपर्यंत. तिनं ते केलं होतं आणि बंद करून ठेवलं होतं. दोन रेघा होत्या, जितका धूर साठत जाईल तितक्या वर. नव्या इमारतीची रेघ पहिल्याच वर्षी भिंतीसारखी उभी वर जायची आणि मग जवळजवळ आडवी व्हायची. जुनीची रेघ खालून निघायची, संथ, म्हाताऱ्या माणसासारखी चढत चढत, आणि पन्नासच्या आसपास नवीला ओलांडून वर जायची. म्हणजे तिथवर जुनी बरी, तिथून पुढे नवी बरी. मला ते चित्र बघून बरं वाटलं. का ते सांगता येत नाही. फिल्मवर सगळ्या बरगड्या आल्या की वाटायचं तसं.

सोसायटीची सभा रविवारी सकाळी, इमारतीशेजारी गाड्या लावतात त्या जागेत झाली. भिंतीवर पांढरी चादर लावली होती. ठकीनं तेच चित्र दाखवलं, पुढचं-मागचं सगळं, आणि जे मला सांगितलं ते त्यांना सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं. चेअरमननी पन्नासच्या आकड्यावर बोट ठेवून म्हटलं, पण तेव्हा मी काही चेअरमन असणार नाही. मागून कुणीतरी नशीब म्हणालं, आणि हसू झालं. मग ते म्हणाले, आता पोरी, आम्ही काय करायचं ते सांग. ठकी म्हणाली, ते हे चित्र सांगत नाही. तुम्ही कुणासाठी आणि केव्हापर्यंत मोजताय त्यावर आहे. हे लोकांना फारसं आवडलं नाही. उत्तर विकत घ्यायला गेलं आणि दुकानदारानं परत प्रश्नच दिला, असे त्यांचे चेहरे झाले.

मग लिफ्टचा विषय निघाला, आणि सभा खरी तिथं सुरू झाली. चौथ्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात, आणि त्यांचे मिस्टर. ते फुटबॉलच्या सामन्यांत पंच असायचे, म्हणून त्यांना अख्खी इमारत पंच म्हणते. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ते वरच आहेत. दवाखान्यात न्यायचं तर चौघं जण खुर्ची उचलतात, जिना अरुंद, वळणावर खुर्ची तिरकी होते आणि पंच डोळे मिटून घेतात. जुन्या जिन्यात लिफ्ट बसत नाही हे इंजिनियरनं सांगून झालं होतं. एकेक जण उठून बोलायला लागला, की पंचांचा विचार करा, पंचांसाठी तरी नवी हवी. आता मी ह्या लोकांना पन्नास वर्षं ओळखते. पंचांच्या खुर्चीमागे लपून बऱ्याच जणांना मोठी बाल्कनी हवी होती. पण म्हणून पंच खोटे होत नाहीत. चेअरमननी शिक्षिकांना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "धूर, वर्षं, मला काही कळलं नाही. ह्यांच्या पायाला वर्षभर जमीन लागलेली नाही, एवढं माहीत आहे." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काकू, तुमच्यावर राग नाही हं."

मी काही ठरवून गेले नव्हते. ठरवून गेले असते तर जमलं नसतं. ठकीच्या चित्रातली ती उभी भिंत माझ्या डोळ्यांपुढे होती. आज सगळा भार, पुढे हळूहळू फायदा. ती भिंत सगळ्यांच्या हवेत उभी करायची, आणि कशासाठी, तर एक माणूस खाली यावा म्हणून. तो तर दोन बिऱ्हाडांच्या हमालीत खाली येतो. मी बसूनच म्हटलं, माझं खालचं घर पंचांना द्या, मी वर जाते. खोल्या सारख्याच आहेत. आधी कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. आणि दुसऱ्यांदा म्हणताना मला पॅसेजमधलं ते ऊन दिसलं. शिक्षिका नाही नाही म्हणाल्या. चेअरमन म्हणाले, आजी, ह्या वयात चार मजले? मी म्हटलं, एकदा चढले की उतरायचं कशाला रोज, ठकी आहे भाजी आणायला. लोक हसले. बाल्कनीवाल्यांना आता लपायला खुर्ची उरली नव्हती. इमारत दुरुस्त करायची, खिडक्या बदलायच्या, गच्चीला थर द्यायचा, आणि वीस वर्षांनी जे कुणी असतील त्यांनी हेच चित्र काढून पुन्हा बसायचं, असं ठरलं. चेअरमननी चादर काढून घडी घातली.

घरी येऊन दार लावल्यावर ठकी म्हणाली, मी एवढं करून तुझं घर वाचवलं आणि तू ते वाटून टाकलंस. लाकडी बाहुलीसारखी, हात अंगाला चिकटवून उभी. मी म्हटलं, इमारत वाचली ना. ती म्हणाली, मी इमारतीसाठी नव्हतं केलं. ते मला माहीत होतं, म्हणून मी तिला जवळ घेतलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला. तिनंच त्याला कळवलं असणार. आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, म्हणाला. मी म्हटलं, डोकं आहे, गुडघ्यांचं सांगत नाही. तो हसला नाही. मग म्हणाला, बाबांची खुर्ची वर नीट मावेल का बघ.

सामान हलवलं तो दिवस ढगाळ होता. आधी पंच खाली आले, शेवटचेच तसे उचलून. त्यांची चपलेतली बोटं अंगणातल्या मातीला लागली. त्यांनी एक पाय थोडा पुढे सरकवला, मग मागे. मी माझ्या दारात उभी राहून बघत होते, मग लक्षात आलं की ते दार आता माझं नाही, आणि बाजूला झाले. हमाल वर गेले. मग मी निघाले. एक हात कठड्यावर, एक ठकीच्या खांद्यावर. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्यावर छाती भरून आली. तिसऱ्याच्या अलीकडे, जिथे जिना वळतो, तिथे माझे पाय थांबलेच. भिंतीत एक खिडकी होती, मी कठडा धरून तिच्याशी टेकले.

ह्या जिन्यानं मी आयुष्यात किती वेळा वर गेले असेन. कुणाकडे वाटी द्यायला, पंचांची चौकशी करायला. पण तेव्हा गुडघे चांगले होते, वाटेत थांबायची वेळ आली नव्हती. त्या खिडकीतून मागच्या बाजूची छपरं दिसत होती, उतरती, एकाखाली एक, आणि त्यांच्या पलीकडे पाण्याचा एक पट्टा. नदी असावी किंवा कालवा. पन्नास वर्षं मी इथे राहिले आणि इथून पाणी दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. ढगाखाली ते राखाडी होतं, मधेच एका ठिकाणी चकाकत होतं.

"बसतेस का जरा?" ठकीनं विचारलं. "घाई नाही. किती वेळ लागला तरी चालेल."

वरून हमालानं हाक मारली, खुर्ची कुठे ठेवायची म्हणून. ठकी निघाली. मी तिचा हात धरला.

"थांब," मी म्हटलं. "बघू दे."